कंप्लेंट नसलेली हार्ड डिस्क

घरात नवा कॉम्प्युटर घ्यायचा असो किंवा जुन्याची हार्ड डिस्क बदलायची असो, पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणत्या कंपनीची घेऊ? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पाच दुकानांत विचारलं तर पाच उत्तरं मिळतात आणि प्रत्येक जण खात्रीने सांगतो, ‘ही घेऊन जा, हिची कंप्लेंट नाही.’ दुकानदार फसवतो असं नाही. त्याच्या काउंटरवर जे परत येतं, त्यावरून तो बोलतो. पण मुलांचे लहानपणीचे फोटो, सोसायटीचे हिशेब, कुणाचा अर्धा लिहून झालेला प्रबंध, गेलेल्या आजीच्या आवाजातल्या ओव्या असं सगळं ज्या डिस्कवर राहणार, ती ऐकीव मतावर निवडू नये असं मला मनापासून वाटतं. कंपन्यांच्या नावांभोवती इतके गैरसमज साचले आहेत, की खरोखर पाहायच्या गोष्टी मागे पडतात.

‘अमुक कंपनी मजबूत, तमुक कंपनी भिकार’

मुळात निवड किती कंपन्यांतून करायची आहे ते पाहा. फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आज जगात तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. एके काळी या धंद्यात डझनावारी नावं होती. क्वांटमचा हार्ड डिस्कचा विभाग २००१ मध्ये मॅक्स्टॉरने घेतला आणि २००६ मध्ये खुद्द मॅक्स्टॉर सीगेटकडे गेली. फुजित्सूचा विभाग २००९ मध्ये तोशिबाने घेतला, सॅमसंगचा २०११ मध्ये सीगेटने. आयबीएमने आपला धंदा हिताचीला विकला आणि हिताचीची ती कंपनी २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ताब्यात आली. बाहेरून जोडायच्या डिस्कवर आणखी बरीच नावं छापलेली दिसतात, पण खोका उघडला तर आत डिस्क या तिघांपैकीच कुणाची तरी असते. त्यामुळे ‘आमच्याकडे मॅक्स्टॉर पंधरा वर्षं चालली’ किंवा ‘हिताचीसारखी डिस्क नाही’ या सल्ल्यांचा आजच्या खरेदीला काहीच उपयोग नाही. त्या कंपन्या आता हार्ड डिस्क बनवत नाहीत.

तिघांत तरी कोणी कायमचा चांगला आणि कोणी कायमचा वाईट आहे का? इतिहास पाहिला तर तसं दिसत नाही. आयबीएमची डेस्कस्टार ७५जीएक्सपी ही डिस्क २००० साली आली. ती इतक्या संख्येने बंद पडू लागली की लोकांनी तिचं नाव ‘डेथस्टार’ ठेवलं आणि अमेरिकेत ग्राहकांनी एकत्र येऊन दावा लावला. पुढे धंदा हिताचीकडे गेला, डेस्कस्टार हे नाव तेच राहिलं आणि दहा-बारा वर्षांनी याच नावाच्या २ आणि ३ टेराबाइटच्या डिस्क सर्वांत कमी बंद पडणाऱ्यांत गणल्या जाऊ लागल्या. सर्वांत बदनाम आणि सर्वांत भरवशाची अशा दोन्ही टोकांना एकच नाव.

याहून बोलकं उदाहरण सीगेटचं आहे. बॅकब्लेझ नावाची अमेरिकी कंपनी लोकांचा डेटा भाड्याने सांभाळते आणि २०१३ पासून आपल्याकडच्या हजारो डिस्कपैकी कोणत्या मॉडेलच्या किती बंद पडल्या, ते आकडे खुले करते. तिच्या २०१४ सालच्या नोंदीत सीगेटचं ३ टेराबाइटचं एसटी३०००डीएम००१ हे मॉडेल वर्षाला ४० टक्क्यांहून अधिक दराने बंद पडत होतं. त्याच वर्षी, त्याच कंपनीच्या ४ टेराबाइटच्या डेस्कटॉप मॉडेलचा दर ३ टक्क्यांच्या आत होता. दोन्ही साध्या डेस्कटॉप वर्गातल्या डिस्क, दोन्ही एकाच ब्रँडच्या. ज्याने पहिली घेतली तो आजही सीगेटच्या नावाने बोटं मोडतो. ज्याने दुसरी घेतली त्याची डिस्क अजूनही चालत असेल. भरवसा मॉडेलचा असतो, आणि कधी कधी त्या मॉडेलच्या विशिष्ट काळात तयार झालेल्या मालाचा. ब्रँडच्या नावावरून त्यातलं काहीच कळत नाही.

मग बॅकब्लेझचा ताजा तक्ता उघडावा आणि सर्वांत वरचं मॉडेल घ्यावं? इथेही जरा थांबावं लागतं. तिथल्या डिस्क थंड खोलीत, अखंड वीजपुरवठ्यावर, वर्षानुवर्षं न हलवता फिरत असतात. आपला कॅबिनेट टेबलाखाली असतो, झाडूचा धक्का खातो आणि वीज गेली की धाडकन बंद होतो. शिवाय आज तिथे बहुतेक मोठ्या, उद्योगांसाठीच्या डिस्क आहेत; घरी आपण घेतो ती १ किंवा २ टेराबाइटची डिस्क त्या तक्त्यात सहसा सापडत नाही. त्या आकड्यांतून एक गोष्ट मात्र नक्की घेता येते. तिथल्या सर्व डिस्क मिळून बंद पडण्याचा दर २०२२ मध्ये १.३७ टक्के, २०२३ मध्ये १.७० टक्के आणि २०२४ मध्ये १.५७ टक्के होता. म्हणजे इतक्या चांगल्या परिस्थितीतही शंभरातल्या एक-दोन डिस्क दर वर्षी जातातच.

‘आमचा वीस वर्षांचा अनुभव आहे’

अनुभवाला मान द्यावा, पण इथे अनुभव फसवतो, आणि तो कसा ते आकड्यांत मांडून पाहण्यासारखं आहे. समजा, एका डिस्कचा वर्षाला बंद पडण्याचा दर १ टक्का आहे आणि दुसरीचा २ टक्के, म्हणजे दुसरी चक्क दुप्पट वाईट. एखाद्याने दोन्ही घेऊन पाच वर्षं वापरल्या. पहिली टिकण्याची शक्यता साधारण ९५ टक्के, दुसरीची ९० टक्के. दोन्ही टिकण्याची शक्यता ८६ टक्के. असं वापरणाऱ्या शंभरातल्या ८६ जणांना दोहोंत काही फरक असतो हे कळणारच नाही. ज्यांची नेमकी एकच डिस्क गेली, त्यांतल्या तिघांपैकी एकाची चांगली डिस्क आधी जाईल. तो माणूस पुढे जन्मभर चुकीच्या कंपनीला शिव्या देईल, आणि तेही स्वतःच्या अनुभवाच्या जोरावर.

दुरुस्तीच्या दुकानात वेगळीच गोष्ट घडते. जी डिस्क सर्वांत जास्त विकली जाते, तीच सर्वांत जास्त बिघडून परत येते. गल्लीतल्या सत्तर टक्के घरांत एकाच कंपनीची डिस्क असेल तर दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर त्याच कंपनीचा ढीग दिसणार. किती विकल्या गेल्या हा आकडा हाती नसेल, तर किती बिघडल्या यावरून काही ठरवता येत नाही.

‘खोक्यावर दहा लाख तास लिहिलंय’

दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षं. डिस्क ११४ वर्षं चालेल असा त्याचा अर्थ कोणी करत नाही, पण ‘निदान पंधरा-वीस तरी’ असं मनात धरलं जातं. तो आकडा एका डिस्कचं आयुष्य सांगत नाही. तो मोठ्या संख्येची सरासरी सांगतो: हजार डिस्क वर्षभर अखंड चालवल्या तर त्यांतल्या साधारण नऊ बंद पडाव्यात, असा कंपनीचा अंदाज. तोही डिस्क आपल्या नेमून दिलेल्या काही वर्षांच्या उमेदीत असताना.

प्रत्यक्षात हा अंदाजही कमीच ठरतो. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. कंपन्यांच्या कागदानुसार वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्क बदलाव्या लागायला हव्या होत्या. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के ही सर्रास आढळणारी गोष्ट होती आणि काही ठिकाणी ती १३ टक्क्यांपर्यंत गेली होती.

त्याच अभ्यासाने आणखी एका समजुतीला धक्का दिला. सर्व्हरसाठी बनवलेल्या महाग डिस्क आणि साध्या साटा डिस्क यांच्या बदलण्याच्या दरात फारसा फरक दिसला नाही. महाग डिस्कला वॉरंटी मोठी मिळते, ती चोवीस तासांच्या कामासाठी आखलेली असते, हे खरं. पण घरी रोज तीन-चार तास चालणाऱ्या कॉम्प्युटरसाठी दुप्पट पैसे मोजले म्हणून डेटा दुप्पट सुरक्षित होत नाही. त्याच पैशात दोन साध्या डिस्क येतात, आणि घरासाठी माझा कौल नेहमी दोन डिस्कच्या बाजूने राहील.

खरेदीच्या वेळी खरोखर काय पाहायचं

पहिली गोष्ट, डेटा कसा लिहिला जातो. साध्या पद्धतीत तबकडीवरचे पट्टे शेजारी-शेजारी असतात. तिला सीएमआर म्हणतात. दुसऱ्या, एसएमआर पद्धतीत ते छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त डेटा मावतो, पण मधली एक ओळ बदलायची तर शेजारच्या कित्येक ओळी पुन्हा लिहाव्या लागतात आणि डिस्क मध्येच मंदावते. एसएमआर डिस्क लवकर बिघडते असं मात्र नाही. फोटो एकदा टाकून ठेवायला ती पुरेशी आहे. विंडोज टाकायला किंवा अनेक डिस्क एकत्र बांधायला ती त्रासदायक. खरी तक्रार लपवाछपवीची होती. २०२० मध्ये उघड झालं की वेस्टर्न डिजिटल आपल्या रेड मालिकेतल्या काही डिस्क, ज्या नेमक्या अनेक डिस्क एकत्र बांधण्यासाठीच विकल्या जात होत्या, न सांगता एसएमआर पद्धतीने बनवत आहे. सीगेट आणि तोशिबाच्याही काही डिस्कबाबत तेच निघालं. गदारोळानंतर कोणतं मॉडेल कोणत्या पद्धतीचं याची माहिती कंपन्यांनी खुली केली. दुकानात जाण्याआधी मॉडेल क्रमांकावरून ती पाहून घ्यावी.

दुसरी गोष्ट, माल नवा आहे का. हा मुद्दा मला ब्रँडच्या चर्चेपेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत उघडकीला आलं की सीगेटच्या हजारो तास वापरलेल्या मोठ्या डिस्क नव्या म्हणून विकल्या जात होत्या. चालू तासांची नेहमीची नोंद कुणी तरी शून्यावर आणून ठेवली होती. डिस्कच्या आतल्या दुसऱ्या नोंदीत खरे तास सापडले. आपल्याकडेही ऑनलाइन बाजारात ‘रिफर्बिश्ड’ माल बारीक अक्षरांत लिहून, किंवा न लिहिताही, खपवला जातो. म्हणून डिस्क हातात येताच तीन कामं करावीत: वरचा सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून भारतातली वॉरंटी किती उरली आहे ते पाहणं, क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅमवर चालू तास पाहणं आणि पक्कं बिल घेणं. ‘वॉरंटी आमची, बिल कशाला?’ असं म्हणणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडावं. नामवंत कंपनीची १६ टेराबाइटची पोर्टेबल डिस्क दीड-दोन हजारांत मिळत असेल, तर ती बनावट आहे हे तपासायचीही गरज नाही. अशा खोक्यांत लहानसं मेमरी कार्ड चिकटवलेलं निघतं.

वॉरंटीबद्दलही एक मोठा गैरसमज आहे. कंपनी डिस्क बदलून देते. डेटा परत देण्याची जबाबदारी तिची नसते. उलट, जुनी डिस्क तिच्याकडे जमा करावी लागते. तरीही वॉरंटी पाहावी, कारण दोन वर्षांची की पाच वर्षांची यावरून कंपनी स्वतःच्या त्या मॉडेलवर किती पैसे लावायला तयार आहे ते कळतं.

आणि १ टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, यात कुणी काही चोरलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

‘सॉफ्टवेअर गुड म्हणतंय, मग काळजी नाही’

प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात. ती अधूनमधून पाहणं चांगलंच. निकामी म्हणून बदललेले सेक्टर, बदलायच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर आणि दुरुस्त न झालेल्या चुका हे आकडे शून्यावरून वर सरकू लागले, की त्याच दिवशी डेटा दुसरीकडे हलवावा. गूगलने २००७ मध्ये स्वतःकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तपासणीत पहिली चूक सापडल्यानंतरच्या साठ दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती.

याची दुसरी बाजू बहुतेकांना माहीत नसते. त्याच अभ्यासात, बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कवर स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही उमटलेली नव्हती. बॅकब्लेझने २०१६ मध्ये आपले पाच आकडे पाहून सांगितलं की बंद पडलेल्यांपैकी सुमारे २३ टक्के डिस्क कसलीही सूचना न देता गेल्या. धोक्याची खूण दिसली तर तिच्यावर विश्वास ठेवावा. ‘गुड’ या शब्दावर ठेवू नये.

गूगलच्या त्या अभ्यासात तापमानाबद्दलही लोकांच्या समजाला न जुळणारं काही निघालं: मध्यम तापमानात उष्णता आणि बिघाड यांचा अपेक्षेइतका संबंध दिसला नाही. याचा अर्थ नागपूरच्या मे महिन्यात बंद कपाटात कॅबिनेट ठेवावा असा मात्र नव्हे. बहुतेक डेस्कटॉप डिस्कना कंपनी ६० अंश सेल्सिअसपर्यंतचीच मर्यादा घालते, आणि पंखा धुळीने बुजला की ती गाठायला वेळ लागत नाही. घरात खरं नुकसान होतं ते धक्क्याने आणि विजेने. डिस्कचं हेड फिरत्या तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. बंद डिस्क जो धक्का सहज सोसते, त्याच्या अंशानेही चालू डिस्क कायमची जाऊ शकते. लाइट पुन्हा-पुन्हा जात असतील तर यूपीएसवर केलेला खर्च महागड्या ब्रँडवर केलेल्या खर्चापेक्षा जास्त कामाचा.

‘एसएसडी घेतली की प्रश्नच मिटला’

विंडोजसाठी एसएसडीच, म्हणजे तबकडीऐवजी चिपमध्ये डेटा साठवणारी डिस्कच घ्यावी, यात वादच नाही. ती वेगवान आहे आणि तिच्यात फिरणारा भाग नसल्याने धक्का सोसते. पण ती अमर नाही. २०२३ मध्ये सॅमसंगच्या ९८० प्रो या गाजलेल्या एसएसडीत आतल्या प्रोग्रॅममधली चूक निघाली आणि काही डिस्कवर नवीन लिहिणंच बंद झालं. त्याच वर्षी सॅनडिस्कच्या एक्स्ट्रीम मालिकेतल्या पोर्टेबल एसएसडी अचानक रिकाम्या होऊ लागल्या. दोन्ही नावं पहिल्या फळीतली. हार्ड डिस्क मरण्यापूर्वी निदान कधी कधी टकटक करते. एसएसडी बहुधा एका सकाळी दिसेनाशी होते. तिच्यावरून पुसलेली फाइल परत काढणंही बहुतेक वेळा अशक्य असतं, कारण मोकळी झालेली जागा ती स्वतःहून साफ करत असते. शिवाय ती वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायची वस्तू नाही. जुन्या फोटोंच्या साठवणीसाठी आजही हार्ड डिस्कच स्वस्त आणि योग्य.

बंद पडलेली हार्ड डिस्क फ्रीजमध्ये ठेवली की चालू होते, हा उपाय अजून फिरतो आहे. बाहेर काढताच आत दव धरतं आणि तबकडी खरवडली जाते. घरी उघडून पाहणंही तसंच घातक. टकटक ऐकू आली की वीज बंद करावी, पुन्हा-पुन्हा चालू करून पाहू नये आणि डेटा मोलाचा असेल तर धूळविरहित खोली असलेल्या रिकव्हरी केंद्रात न्यावी. त्याचं बिल नव्या डिस्कच्या कित्येक पट येऊ शकतं आणि यशाची हमी कुणीच देत नाही.

मग घ्यायची कोणती?

माझं उत्तर असं: विंडोजला एसएसडी, साठवणीला सीगेट, वेस्टर्न डिजिटल किंवा तोशिबा यांपैकी कुणाचीही, मॉडेल तपासून, शक्य तर सीएमआर, अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासह. त्या मॉडेलबद्दल जुन्या ग्राहकांच्या सारख्याच तक्रारी ढिगाने दिसत असतील तर ते सोडून दुसरं. एवढं पाहिल्यावर तिघांपैकी कोणती निवडली याने घरगुती वापरात फार फरक पडत नाही.

फरक पडतो तो दुसऱ्या प्रतीने. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम साधा आहे: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. घरासाठी याचा अर्थ कॉम्प्युटरवरची प्रत, कपाटातल्या पोर्टेबल डिस्कवरची प्रत आणि इंटरनेटवर किंवा गावी भावाकडे ठेवलेली तिसरी. पोर्टेबल डिस्क कायम जोडून ठेवली तर व्हायरस दोन्ही प्रतींना एकदमच गाठतो, म्हणून कॉपी झाली की ती काढून ठेवावी. दोन डिस्क घेताना वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्याव्यात. एखाद्या मॉडेलमध्ये दोष निघालाच, तर दोन्ही प्रती एकाच वेळी जाणार नाहीत. ब्रँडच्या नावाचा एवढाच उपयोग मला खात्रीने सांगता येतो.

आज घरी गेल्यावर एक विचारा: आपल्या फोटोंची दुसरी प्रत कुठे आहे? कुणालाच सांगता आलं नाही, तर नव्या कॉम्प्युटरचं नंतर बघा. आधी एक पोर्टेबल डिस्क आणा आणि त्याच दिवशी सगळे फोटो तिच्यावर उतरवा.